‘रेज द रेड लँटर्न’ पुन्हा पाहताना : तुमचे अनुभव

चिनी दिग्दर्शक झांग यिमोऊचा १९९१चा हा सिनेमा ज्यांनी कधीकाळी फिल्म क्लबात किंवा घासलेल्या व्हीसीडीवर पाहिला आणि आता पुन्हा पाहिला, त्यांनी लिहा. कथा नको, शेवट तर नकोच. दुसऱ्यांदा काय दिसलं तेवढं सांगा. सुरुवात मीच करते.

माझ्या डोक्यात उरला होता तो लाल रंग आणि गाँग लीचा चेहरा. या वेळी मात्र कान टवकारले. वाड्याच्या मालकाच्या चार बायका. तो रात्री जिच्याकडे जाणार तिच्या अंगणात कंदील लागतात, मग छोट्या हातोड्यांनी तिच्या तळपायांना मालिश. तो खुळखुळ आवाज वाड्यात सगळ्यांना ऐकू जातो. बाकीच्यांना झोप कशी लागणार! आणि हळूहळू चौथ्या बायकोला, सोंगलियानलाही (म्हणजे गाँग लीला) त्याची चटक लागते. दुसऱ्या दिवशी जेवायला काय करायचं हेही जिच्याकडे कंदील लागले तिनंच ठरवायचं. म्हणजे स्वयंपाकघराची सत्ता! एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

डोंबिवलीहून : नवरा नीट दिसतच नाही हो! कायम लांबून, पाठमोरा, नाहीतर पडद्याआड. लेकीबरोबर बघत होते, तर अर्ध्यात तिनं विचारलं, “आई, हा माणूस आहे तरी कुठे?” आपण सगळा वेळ सवतींची भांडणं बघत बसतो आणि हा नामानिराळा.

नाशिकहून : मधल्या काळात सू तोंगची मूळ कादंबरिका वाचली. त्यात कंदिलांची ही प्रथाच नाही, ती दिग्दर्शकाची भर! त्यामुळे सुरुवातीला जरा चिडूनच बघत होतो. परदेशी प्रेक्षकांसाठी चीन सजवून मांडलाय, ही तेव्हाची टीका अगदीच खोटी नाही. तरी एकदा कंदील लागले की सिनेमा सोडवत नाही.

सिंगापूरहून : चित्रीकरण झालं तो शांशी प्रांतातला छ्याओ घराण्याचा वाडा बघून आले. तीनशेवर खोल्या, अंगणामागून अंगणं, उंच भिंती. परतल्यावर सिनेमा लावला आणि जीव अडकला तो दासी यानअरमध्ये. आपल्या खोलीत चोरून जुने, ठिगळ लावलेले कंदील पेटवते ती. तिलाही मालकीणच व्हायचंय. चौथीइतकीच तिचीही गोष्ट आहे ही.

कोल्हापूरहून : मला तेव्हाही जड गेला, आताही. सगळ्या चौकटी इतक्या नेटक्या की गुदमरायला होतं. तेच हवं असेल दिग्दर्शकाला. तिसरीचं छतावरचं गाणं मात्र मागे नेऊन परत ऐकलं.