मदत हवी आहे : १९७२ च्या इटालियन थरारपटाची रिस्टोअर्ड ब्ल्यू-रे, परीक्षणात दोष कोणाच्या माथी मारायचा?

फोंड्याचा प्रेक्षक :

नमस्कार मंडळी. फिल्म क्लबच्या त्रैमासिकासाठी एका ब्ल्यू-रेचं परीक्षण लिहायचं आहे, मर्यादा ८०० शब्द. चित्रपट इटालियन, १९७२ चा, टेक्निस्कोपमध्ये चित्रित केलेला, अस्सल एक्स्प्लॉयटेशन : काळे हातमोजे, वस्तरा, रंगाच्या डब्यातून ओतल्यासारखं रक्त, कारण नसताना नग्नता. अंक निघेपर्यंत नाव गुलदस्त्यात ठेवतो. वेष्टनावर ‘मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नवं ४के स्कॅन, अखंड आवृत्ती’ असं छापलंय.

कथेवर, अभिनयावर लिहिता येईल. अडतंय ते डिस्कवर. चित्रभर दाणे वळवळतात, तो ग्रेन (फिल्मचे स्वतःचे कण) की खराब एन्कोडिंग (डिस्कवर मावण्यासाठी चित्र दाबणं)? स्मशानातला रात्रीचा प्रसंग चक्क भर दुपारचा वाटतो. ओठ आणि संवाद जुळत नाहीत. जुन्या ब्रिटिश डीव्हीडीची लांबी ९० मिनिटं ४३ सेकंद, या डिस्कची ९४:३०, म्हणजे जवळजवळ चार मिनिटं नवी आहेत का? आणि पांढरे शर्ट पिवळसर दिसतात.

साधनं : ४३ इंची ४के टीव्ही, लॅपटॉप, बाहेरचा यूएसबी ब्ल्यू-रे ड्राइव्ह. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने डिस्कवरून काढलेली मुख्य चित्रपटाची फाइल साधारण १६.५ जीबी भरते, त्यात इटालियन आणि इंग्रजी असे दोन ध्वनिपट. डिस्क एकपदरी, २५ जीबीची. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

चौकट_२४ :

आधी टीव्ही सरळ करा, बाकी सगळं नंतर. शार्पनेस शून्यावर (काही टीव्हींत ‘शून्य परिणाम’ मधल्या आकड्यावर असतो, मेनूत बघा), मोशन स्मूदिंग बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, वीजबचत बंद. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. लॅपटॉप एचडीएमआयने जोडला असेल तर रंगाची रेंज दोन्हीकडे एकच हवी, एकीकडे फुल आणि दुसरीकडे लिमिटेड झाली की काळा रंग एकतर राखाडी होतो नाहीतर सगळा तपशील गिळतो, आणि आपण बिचाऱ्या रिस्टोरेशनवाल्यांना शिव्या घालतो. बाल्कांवाकडचं (ओसरीकडचं) दार लावून, रात्री बघा.

लांबीचं कोडं सोपं आहे. ब्रिटिश डीव्हीडी पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चौकटी. ब्ल्यू-रे २४. ९४.५ मिनिटांना ०.९६ ने गुणा : ९०.७२, म्हणजे ९० मिनिटं ४३ सेकंद. अगदी तंतोतंत. एक सेकंदही नवा नाही, ‘अखंड’ असेल तर जुनी डीव्हीडीही तितकीच अखंड होती. कुठल्याही डिस्कची अशी तुलना करताना सुरुवातीच्या रिस्टोरेशनच्या पाट्या आणि वितरकाचे लोगो आधी वजा करायचे.

आता बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती खर्च होते ते. १६.५ जीबी भागिले ५६७० सेकंद म्हणजे एकूण सुमारे २३ एमबीपीएस. दोन ध्वनिपटांचे दोनेक गेले, चित्राला उरले २१ च्या आसपास. ब्ल्यू-रेवर चित्राला ४० पर्यंत परवानगी आहे. साध्या चित्रपटाला २१ पुरतात, टेक्निस्कोपच्या ग्रेनला तंग होतात. बीडीइन्फो हे डिस्क तपासणारं सॉफ्टवेअर चालवून नेमका आकडा घ्या, पण परीक्षणात नुसता आकडा फेकू नका, चांगला एन्कोडर २१ मध्येही निभावून नेतो. अंधाऱ्या भिंती, धूर, फेड-आउट या तीन जागा थांबवून बघा. दाणे चौकोनी ठोकळ्यांत गोळा झालेले दिसले तर एन्कोडिंग कमी पडलं.

रीळवाला :

‘वळवळतात’ ही तक्रार नव्हे, शुभवर्तमान आहे :) व्हीएलसीमध्ये फाइल उघडा, थांबवा, ई ही की दाबत एकेक चौकट पुढे जा. ग्रेन प्रत्येक चौकटीत नव्याने पडलेला दिसला पाहिजे. तीनचार चौकटी तोच ठिपका गालावर चिकटून राहिला, चेहरा हलला तरी ठिपके मागे रेंगाळले, कातडी मेणाची झाली, की समजा डीएनआरचा (डिजिटल पद्धतीने दाणे पुसण्याचा) रंधा फिरवलाय. जुन्या सीआरटी स्कॅनरवरच्या काही मास्टर्समध्ये तिसराच प्रकार असतो : दाण्यांऐवजी गढूळ, खरवडल्यासारखा नॉइज. तो हलतो, पण तो फिल्मचा नसतो.

टेक्निस्कोपमध्ये ग्रेन जास्तच असणार. नेहमीच्या ३५ मिमी चौकटीला फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांची उंची लागते, टेक्निस्कोपला दोनच. अर्धी निगेटिव्ह, म्हणून हजार फुटांच्या रिळात अकराऐवजी बावीस मिनिटं. कमी पैशांतल्या निर्मात्यांना याहून काय हवं? पण तेवढीच प्रतिमा तितक्याच पडद्यावर ताणायची तर दाणा मोठा दिसणारच. दोन चौकटींमध्ये जागा जवळजवळ नसते, त्यामुळे कटच्या क्षणी खालच्या किंवा वरच्या कडेला जोडाची रेघ चमकते, चित्र किंचित उसळी मारतं. हा मूळ कारागिरीचा भाग. रिस्टोरेशनमध्ये तो झाकलेला असेल तर श्रेय द्या, उरला असेल तर गुन्हा समजू नका.

स्मशानाचा प्रसंग मात्र खरा दोष. तो दिवसा चित्रित करून रात्र भासवलेला आहे. एक्स्पोजर कमी ठेवायचं, निळसर फिल्टर लावायचा आणि उरलेला अंधार लॅबमध्ये प्रिंट काढताना घालायचा, अशी ती पद्धत. निगेटिव्हवर तो शेवटचा अंधार नसतोच. नवं स्कॅन करून ग्रेडिंग (रंग-उजेड ठरवणं) करणाऱ्याने जुनी प्रिंट समोर ठेवली नाही तर पात्रं लख्ख उन्हात कंदील घेऊन फिरतात. जमिनीवरच्या सावल्या बघा, कडक आणि आखूड असतील तर शंकाच नको. हे परीक्षणात ठळक लिहा, वाचकाला कथाच कळणार नाही अशी ही चूक आहे.

स्रोत खरंच निगेटिव्ह आहे का तेही तपासा. पांढरे ठिपके म्हणजे धूळ निगेटिव्हवर होती, काळे ठिपके म्हणजे पॉझिटिव्हवर, म्हणजे प्रिंटवर. उभी हिरवी रेघ दिसली तर प्रिंटचा वरचा मॅजेंटा थर खरवडला गेलाय. आणि रीळ संपता संपता उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल खूण उमटली, सातेक सेकंदांनी पुन्हा उमटली, तर ती प्रोजेक्शनवाल्याला रीळ बदलायला सांगणारी खूण. ती चित्रपटगृहात जाणाऱ्या प्रिंटवर असते.

कानसेन :

ओठांचं उत्तर : इटलीत तेव्हा बहुतेक चित्रपट मूक चित्रित करून नंतर डब करत. नट वेगवेगळ्या देशांचे, प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलणार. म्हणून इटालियन ध्वनिपट ‘मूळ’ आणि इंग्रजी ‘डब’ अशी विभागणी करू नका, दोन्ही डबच आहेत. तपासायचं ते सिंक (चित्र आणि आवाजाचा मेळ) सरकतंय का. दार आपटणं, गोळी, थप्पड असे तीन आवाज घ्या, पहिल्या दहा मिनिटांतला, मधला आणि शेवटचा. तिन्ही ठिकाणी चूक सारखीच असेल तर एकदाच सरकवायचं राहिलं. वाढत गेली तर ध्वनिपट वेगळ्या वेगाच्या स्रोतावरून आलाय. पालच्या टेपवरून आवाज उचलून वेग दुरुस्त केला नसेल तर स्वरही जवळजवळ पाऊण सेमीटोन चढा लागतो, पार्श्वसंगीताची जुनी रेकॉर्ड असेल तर ताडून बघा.

मग ध्वनिपट ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. दोन चॅनेल वेगळे करा, एक उलटा करा, दोन्ही मिसळा. शांतता झाली तर खरा मोनो. कुजबुज उरली तर कोणीतरी कृत्रिम स्टिरिओ केलाय किंवा दोन चॅनेल एकमेकांशी नीट जुळलेले नाहीत. स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या कंपनसंख्यांचा आलेख) वरचे स्वर हळूहळू विरत गेले तर घाबरू नका, जुन्या ऑप्टिकल ट्रॅकची (फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजाच्या पट्टीची) धाव तेवढीच असते. पण १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी कड दिसली तर ‘लॉसलेस’च्या डब्यात आधीच दाबलेली फाइल भरली आहे.

खरखर थोडी राहिलेली बरी. साफसफाई अती झाली की ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात आणि दोन संवादांमधली जागा विहिरीसारखी रिकामी होते. हेडफोनवर ऐका, टीव्हीच्या स्पीकरवर यातलं काही कळत नाही.

म्हापसा_शुक्रवार :

सबटायटल्स विसरू नका. इटालियन ध्वनिपटाखाली इटालियनचं भाषांतर हवं. बऱ्याचदा इंग्रजी डबचेच संवाद तिथे टाकलेले असतात. दोन्ही ध्वनिपट आळीपाळीने लावून पाच मिनिटं बघा : इटालियन पात्र लांबलचक बोलतंय आणि खाली दोन शब्द, आणि तेच दोन शब्द इंग्रजीत ऐकू येतात, म्हणजे पकडलंत.

मजकुराबद्दल. हिंसा आणि नग्नता किती, कशी, कोणाच्या नजरेतून, हे एका परिच्छेदात सरळ लिहा. ना नाक मुरडायचं, ना मिटक्या मारायच्या. लैंगिक अत्याचाराचं दृश्य असेल तर तसं स्पष्ट सांगा. प्राण्यांना खरोखर इजा केलेली दृश्यं असतील तर तेही, आणि ब्रिटिश आवृत्त्यांत ती १९३७ च्या कायद्यामुळे कापलेली सापडतात हेही.

आणखी एक, इकडच्या वाचकासाठी महत्त्वाचं. भारत ब्ल्यू-रेच्या सी विभागात, अमेरिका ए, ब्रिटन बी. डिस्क कुठल्या विभागाला कुलूपबंद आहे ते पहिल्या चार ओळींत लिहा. पणजीत घेतलेल्या प्लेअरवर चालत नसेल तर पुढचं परीक्षण वाचून त्याने काय करायचं? (४के यूएचडी डिस्कना हे बंधन नसतं.)

पिवळ्या शर्टांबद्दल माझं मत : नव्या ग्रेडिंगची फॅशन. सरळ झोडा.

रीळवाला :

ताई, जरा थांबा. जुनी डीव्हीडी हा रंगांचा पुरावा होत नाही, ती कुठल्या प्रिंटवरून आली कोण जाणे. ऐंशीच्या दशकाआधीच्या ईस्टमन प्रिंट्सचा सायन (हिरवट निळा) रंग उडतो आणि सगळं गुलाबी होतं. ते सावरायला कोणी निळा ढकलला असेल तर डीव्हीडीतला ‘शुभ्र’ शर्टच खोटा. शर्ट सोडून दुसरीकडे बघा : श्रेयनामावलीतली पांढरी अक्षरं, डोळ्यांची बुबुळं सोडून उरलेला भाग, दवाखान्यातली फरशी. दिवसाउजेडीच्या आणि दिव्याच्या, दोन्ही प्रसंगांत सगळंच सारखं पिवळं असेल तर पूर्ण चित्रपटावर एकच छटा फासली आहे. नुसते दिव्याखालचे शर्ट पिवळे असतील तर तो दिवा आहे.

येत्या नोव्हेंबरात इफ्फीला (गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) रिस्टोअर्ड चित्रपट लागले तर पणजीत एकदोन बघून ठेवा. मोठ्या पडद्यावरचा ग्रेन डोळ्यांत बसला की ४३ इंचांवर न्याय करणं सोपं जातं.

फोंड्याचा प्रेक्षक :

देव बरें करूं, सगळ्यांना. काल रात्री तपासलं. ग्रेन प्रत्येक चौकटीत बदलतो. सावल्या आखूड, म्हणजे दुपारच. पिवळेपणा सगळीकडे, श्रेयनामावलीतही. मोनो खरा, १६ ला कड नाही. पण ६१व्या मिनिटाला वस्तऱ्याच्या खुनात अकरा सेकंद चित्राचा कॉन्ट्रास्ट एकदम कडक आणि तपशील मऊ होतो, काळे ठिपके येतात, मध्यभागी हिरवी रेघ. डीव्हीडीत हाच भाग बाकीच्यासारखाच दिसतो.

रीळवाला :

सापडलं. तो तुकडा निगेटिव्हमध्ये नव्हताच. सेन्सॉरसाठी कात्री थेट निगेटिव्हला लागलेली असू शकते. मग तेवढा भाग प्रिंटवरून आणून जोडतात. डीव्हीडी मुळात प्रिंटवरून, म्हणून तिथे फरक कळत नाही. जोडलं हे योग्यच केलं, पण वेष्टनावर ‘निगेटिव्हवरून’ एवढंच लिहिणं अर्धसत्य आहे. आत पुस्तिका असेल तर तिथे खुलासा आहे का बघा, असेल तर कंपनीला सोडून द्या, नसेल तर वेळ देऊन लिहा : ६१व्या मिनिटाला, अकरा सेकंद.

फोंड्याचा प्रेक्षक :

पुस्तिकेत एक अवाक्षर नाही. शेवटचा प्रश्न, चित्रं कशी द्यायची?

चौकट_२४ :

मोबाइलने टीव्हीचा फोटो अजिबात नको. व्हीएलसीत शिफ्ट आणि एस दाबून पीएनजी काढा. जेपीजी केली की ग्रेनचा चिखल होतो आणि वाचकाला वाटतं डिस्कच तशी. कुठलाही आकार बदलू नका : १९२० रुंदीत २.३५ च्या (उंचीच्या २.३५ पट रुंद) चित्राची उंची सुमारे ८१७ ओळी, वरखाली काळ्या पट्ट्या, त्या कापल्या तरी चालतील. डीव्हीडीशी तुलना असेल तर दोन्हीकडे अगदी तीच चौकट शोधा, हात हलताना नको, स्थिर क्षण घ्या. चार पुरेत : एक उजेडातला चेहरा, एक अंधारी भिंत, स्मशान, आणि हिरव्या रेघेची चौकट. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा आहे, मात्र डिस्कचं कुलूप उघडण्याबद्दलचं ६५ए संपादकांना आधी वाचायला द्या. आणि छपाई कृष्णधवल असेल तर हिरव्या रेघेचं चित्र फुकट जाईल, तेवढं एक पान रंगीत मागून घ्या.