शाळेत शिकलो आणि पुढे खोटं निघालं : इतिहासाचे अनुभव सांगा

तापीकाठची
रविवारी लेकीसोबत अजिंठ्याला गेले. गाडीत तिचं पाठांतर चालू, "१८१९ मध्ये जॉन स्मिथने अजिंठ्याचा शोध लावला." मीही हेच घोकलेलं. पाचवीत उठून विचारलं होतं, "बाई, माझ्या आजीचं माहेर फर्दापूर. गावाला लेणी माहीत नव्हती का?" हातावर पट्टी बसली. प्रश्न तसाच राहिला.
आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच. चिनी प्रवासी ह्युएन त्संगने तर सातव्या शतकात लिहून ठेवलंय. दहाव्या लेण्यात स्मिथने चित्रावरच नाव नि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरलीय. बघायला मान वर करावी लागते, कारण तेव्हा लेणं दगडमातीने भरलेलं, साहेब ढिगावर उभा. लेक म्हणाली, "आई, मग शोध कसला?"
तुम्हाला काय शिकवलं होतं?

अमळनेरकर
घोरपड!! चौथीत चित्र काढून बक्षीस घेतलंय मी. सभासद बखरीत, म्हणजे शिवरायांच्या जुन्या चरित्रात, घोरपड नाहीच. आणि तानाजी पडले म्हणून सिंहगड नाव, हेही नाही. लढाई १६७० ची, महाराजांच्या १६६३ च्या पत्रात सिंहगड आहे. अंधाऱ्या रात्री तो कडा चढले, एवढंच माझ्या अंगावर काटा आणतं. घोरपड कशाला हवी?

केळीबाग
हिंदी राष्ट्रभाषा. स्पर्धा परीक्षेत तेच लिहून मार्क घालवला. कलम ३४३ मध्ये राजभाषा आहे. नंतर लिहितो, केळीची गाडी भरायचीय.

सातपुड्याचा
आमच्या वर्गात "भिल्ल लुटारू होते" असं सरांनी वाचलं की सगळी पोरं माझ्याकडे वळून बघायची. मी बाकावर करकटकाने रेघा मारत बसायचो. घरी आजा भिल्ल पुढारी खाज्या नाईकाची गोष्ट सांगायचा, अंबापाणीची लढाई सांगायचा. ११ एप्रिल १८५८. इंग्रजी फौजेसमोर भिल्ल उभे राहिले, बाया पकडल्या गेल्या. ते लुटारू? सत्तावनचा धडा मेरठ, झाशी, कानपूरवर संपला. आमच्या डोंगराला एक ओळ नाही. मुलाला मीच सांगतो आता.

तापीकाठची
भाऊ, वाचून गलबलले. मुलाला सांगताय ते फार मोठं काम आहे.

धुळ्याची वहिनी
आपला लोकेस्नी कितलं करं, पुस्तकमा काहीच नही. सातपुड्याचे भाऊ, आजांच्या गोष्टी लिहून काढा हो, नाहीतर फोनवर रेकॉर्ड करा. माझ्या सासऱ्यांच्या राहून गेल्या.

सातपुड्याचा
आजा गेला वहिनी. आजी आहे, नव्वदीची. दिवाळीला गावी जातोय, करतो.

केळीबाग
आलो. दिवाळीपर्यंत थांबू नका राव.

जळगाव_१
ताई, अजिंठ्याला उद्या सोमवारी निघतोय, पोरं घेऊन. गर्दी असेल का?

तापीकाठची
सोमवारी लेणी बंद! मंगळवारी जा. दहाव्यात बॅटरी न्या, आणि पोरांना मान वर करायला सांगा.

सातपुड्याचा
केळीबाग, शनिवारचं तिकीट काढलं.