वेताळवाडीला फुलांसाठी जायचंय, सोबत वडील आणि मुलगा. वाट कोणती धरू?

पाऊलवाट_जालना
नमस्कार. मी जालन्याची. महालक्ष्म्या उठल्या की पुढच्या रविवारी एक दिवस काढून डोंगर चढायचा बेत आहे. सोबत माझे अण्णा, वय ६४. रोज पहाटे पाच किलोमीटर चालतात, चढाचं त्यांना काही वाटत नाही, पण उतरताना उजवा गुडघा धरतो. आणि मुलगा, पाचवीत आहे. त्याला चालवावं लागत नाही, थांबवावं लागतं.

मागच्या वर्षी फुलांसाठीच लांबच्या एका नावाजलेल्या पठारावर गेलो होतो. निम्मा दिवस गाड्यांच्या रांगेत गेला. दोरीच्या अलीकडून फुलं बघितली आणि परत फिरलो. येताना अण्णा म्हणाले, "आपल्याकडच्या डोंगरावर काय फुलं येत नाहीत का?" मला उत्तर देता आलं नाही. या वर्षी मराठवाड्यातल्याच डोंगरावर जायचं, एवढं ठरवलंय.

ऑफिसातल्या एकीनं सोयगावकडच्या वेताळवाडी किल्ल्याचं नाव सुचवलं. तिथं खरंच फुलं असतात का? हळद्याच्या घाटातून चढावं की खाली गावातून? आणि एका दिवसात जालन्याहून जाऊन परत येणं होईल का?

संभाजीनगर_७७
ताई, म्हैसमाळला जा ना. गाडी थेट वर जाते, गिरिजादेवीचं दर्शन होतं, तेरडा-सोनकी तिथंही भरपूर. फक्त रविवार नको, शनिवारी सकाळी लवकर पोचा. रविवारी दहानंतर कणसं भाजणाऱ्यांच्या गाड्या आणि माणसं, बाकी काही दिसत नाही.

गुरुजी_सिल्लोड
ताई, वेताळवाडीचं नाव ज्यांनी सुचवलं त्यांनी चांगलं सुचवलं. मी सिल्लोड तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवतो, आणि १४ वर्षं झाली, पाऊस बरा झाला की उत्तरा नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात, एकदा तरी त्या डोंगरावर जातोच. तिथं मला रविवारीसुद्धा गुराख्यांशिवाय कुणी भेटल्याचं क्वचितच आठवतं.

आधी रस्ता सांगतो. जालना, भोकरदन, सिल्लोड, मग अजिंठ्याच्या रस्त्यानं गोळेगाव, तिथून उंडणगाव आणि हळदा. हळद्याच्या पुढं घाट सुरू होतो आणि एका वळणावर समोर अख्खा किल्ला दिसतो. जालन्याहून पहाटे पाचला निघा, संध्याकाळी दिवेलागणीला घरी असाल.

आता वाटेचं. घाटातून वाट धरली तर निम्मा चढ वाचतो आणि बरेच जण तेच करतात. पण फुलांसाठी जात असाल तर खाली वेताळवाडी गावापर्यंत उतरा आणि तिथून पायी चढा. फुलं सगळी वरच असतात असं नाही, ती चढणीबरोबर बदलत जातात. खालच्या सावलीतल्या ओलसर उतारावर तेरडा, गुलाबी, कमरेएवढा. जरा वर झुडपांच्या कडेला कळलावी. ती नीट बघा: तिला चढायला वेगळे ताणे नसतात, पानाचंच टोक गुंडाळतं आणि शेजारच्या फांदीला धरतं. फूल आधी हिरवट-पिवळं असतं, मग खालून पिवळं वर लाल, आणि शेवटी सगळंच लाल. एकाच वेलावर तिन्ही दिसतात. तटबंदीजवळ उघड्यावर कुरडू येतो, पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचा. माथ्यावर मात्र सोनकीचं राज्य. कातळावर जिथं जिथं बोटभर माती साठलीय तिथं सोनकी.

अण्णांना माझ्याकडून सांगा, आपल्याकडं फुलं येतात, आणि ती येतात ती मातीच्या कमतरतेमुळंच. हा सगळा बसाल्टचा काळा कातळ. त्यावरच्या पातळ मातीत झाडांची मुळं धरत नाहीत. पावसाळ्यात ती चिंब असते आणि दसऱ्यानंतर कोरडी ठक्क. एवढ्या अवधीत उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं हे फक्त छोट्या वनस्पतींनाच जमतं. म्हणून सगळ्यांची एकदम घाई. आणि म्हणूनच श्रावणात पावसानं मोठा खंड दिला तर त्या वर्षी सोनकी वीतभरच राहते. निघायच्या आठ दिवस आधी सोयगावकडं पाऊस कसा आहे ते विचारून घ्या.

गावातून वर जायला आम्हाला तासभर लागतो, तुम्ही दोन तास धरा. चढ मध्यम आहे, कुठंही हात टेकून चढावं लागत नाही. दरवाजावर शरभाची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची शिल्पं आहेत, मुलाला शोधायला लावा. उत्तर टोकाला बारादरी, म्हणजे कमानींची हवेशीर इमारत आहे. तिच्या कमानीत उभं राहिलं की खाली धरणाचं पाणी, सोयगाव आणि पुढं सपाट खान्देश. मी मुलांना तिथं नेऊन एकच सांगतो: समोरच्या उतारावरचं पाणी तापीला मिळून अरबी समुद्राला जातं, आणि आपण घाट उतरण्याआधी जे पठार सोडलं तिथलं पूर्णेतून गोदावरीला, म्हणजे बंगालच्या उपसागराला. वर्गात नकाशावर हेच शिकवायला दोन तास लागतात.

एक गोष्ट मात्र सांगणार नाही. त्या डोंगरावर एके ठिकाणी खरपुडी येते. कंदिलासारखं हिरवट फूल, आत उलट्या रोखाचे केस. चिलट आत शिरलं की केस सुकेपर्यंत अडकून पडतं आणि मग पराग घेऊन सुटतं. ती नेमकी कुठं आहे हे इथं लिहिलं तर पुढच्या वर्षी तिथं खड्डा असेल, कारण तिचा कंद खातात. तुमची तुम्हाला दिसली तर बघा, आणि फोटोवर जागा टाकू नका.

सोयगावकर
गुरुजींचं सगळं पटलं, एक सोडून. गुडघा उतरताना धरत असेल तर काकांना गावाच्या वाटेनं उतरवू नका. गवताखाली सुटे दगड आहेत आणि पावसात शेवाळ धरतं. चढा गावातूनच, पण उतरताना घाटाच्या बाजूला या आणि गाडी तिथं बोलवा. ड्रायव्हर सोबत असेल तर अडचण नाही.

अजून एक, आणि हे महत्त्वाचं. बारादरीच्या कमानींना कधी कधी आग्या मोहोळ असतं. आधी लांबून वर बघा. अत्तर लावून जाऊ नका, विडी-सिगारेट नाही, पोराला ओरडू देऊ नका. आणि दुपारी दोनच्या आत खाली या. परतीच्या पावसात तीननंतर आभाळ भरतं आणि उघड्या माथ्यावर विजेपासून लपायला जागा नाही. पाणी माणशी तीन लिटर घ्या, टाक्यातलं पिऊ नका. त्याच दिवशी जवळचा जंजाळा किल्ला आणि घटोत्कच लेणी उरकायचा मोह सोडा. त्यांना वेगळा दिवस द्या.

पाऊलवाट_जालना
गुरुजी, दादा, मनापासून आभार. एकच शंका: मुलगा दिसेल त्याला हात लावतो. विषारी काही आहे का?

गुरुजी_सिल्लोड
कळलावीला हात नकोच. तिचा कंद फार विषारी आहे आणि बाकीचे भागही पोटात जाऊ देऊ नयेत. तेरड्याचं पिकलेलं बोंड मात्र त्याला खुशाल दाबू द्या. टचकन फुटतं आणि बिया उडतात. त्यानं तेरड्याचं कामच होतं.

पाऊलवाट_जालना
काल जाऊन आलो. सव्वा आठला गावातून चढायला लागलो, पोरानं पहिला अर्धा तास तेरड्याची बोंडं फोडण्यातच घालवला, म्हणून वर पोचायला साडेदहा वाजले. कळलावीची तिन्ही रंगांची फुलं एकाच वेलावर मिळाली. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, ते त्या गुंडाळलेल्या पानाच्या टोकाकडं बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, स्प्रिंग आहे ही.

मोहोळ होतं, पूर्वेच्या कमानीला. दादांनी सांगितलं नसतं तर आम्ही त्या कमानीखालीच डबा उघडला असता. मागं फिरून तटाच्या सावलीत बसलो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. सगळा वेळ वर आम्ही तिघं आणि शेळ्या घेऊन आलेल्या एक आजी. त्यांना सोनकीचं नाव विचारलं तर म्हणाल्या, "पिवळं फूल हाय ते, शेळी खात न्हाई."

उतरलो घाटाच्या बाजूनं. अण्णांचा गुडघा आज ठीक आहे. खरपुडी दिसली का, ते गुरुजी, तुम्हाला वेगळा निरोप पाठवते.