बायकोला सहावा महिना, दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचंय. सोबत नेऊ का माहेरी ठेवू?

माजलगावचा कोयता:
कराडकडच्या कारखान्याला आमचा पूर्ण कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ठरलाय. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली आणि ती घराच्या पत्र्यात गेली. पौषात बायकोचे दिवस भरतात. रक्त ८.४ आलंय. आई म्हणते, "आम्ही फडातच बाळंत झालो." तिला ठेवून गेलो तर अर्धा कोयता धरतील, अर्धी उचल परत मागतील. दवाखान्यात सगळे गडी बाहेर लिंबाखाली गाड्यांवर बसलेले, आत बायकांची गर्दी. विचारायचं कुणाला?

आशाताई:
भाऊ, नेऊ नका. ८.४ वर मोळ्या वाहायच्या नाहीत. येत्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना फुकट तपासतात, त्या दिवशी तिच्याबरोबर सरळ आत जा. कार्ड स्वतःच्या हातात धरा आणि विचारा, बीपी किती, वजन किती वाढलं, रक्त परत कधी तपासायचं. एवढ्या कमी रक्ताला लोहाच्या गोळ्या बहुतेक दिवसाला दोन लागतात, तेही विचारून घ्या. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शी काळी होते म्हणून बाया घाबरून गोळ्या बंद करतात. मला तर तांदळाच्या डब्यामागे अख्खी पाकिटं सापडतात. घरात नवऱ्यानं विचारलं तर गोळी पोटात जाते, हे मी रोज बघते.

केजकर:
दादा, मी मागच्या हंगामाला चुलतभावाबरोबर जोडी लावली, बायको माहेरी. मुकादमाशी आत्ताच बोल. गाडी भरायला लागल्यावर कुणी ऐकत नाही. पाचटाच्या कोपीत ना लाईट ना पाणी, तिथं बाळंतपण कसलं करतो? मी फडातून रोज रात्री फोन लावायचो. "जेवलीस का" तर विचारायचोच, पण आधी "गोळी घेतलीस का, बाळ हलतंय का". सासऱ्यांना एका जीपवाल्याचा नंबर देऊन पैसे आधीच ठेवले होते.

सिस्टर:
जीपच्या आधी १०२ आणि १०८ लावा. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका. हे सासू-सासऱ्यांनाही पाठ करून द्या. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त सगळं मोफत आहे, २०११ पासून. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.
आणखी एक सांगते. पुढं मूल नको असेल तर ऑपरेशन तुमचं करा. बिनटाक्याचं असतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३. सगळं तिच्याच अंगावर का?

माजलगावचा कोयता:
मेहुणा जोडीला यायला तयार आहे. मुकादमाकडे उद्या सकाळी जातो. ताई, ९ तारखेला किती वाजता यायचं?