पहिलीच्या वर्गातला ताऱ्यांचा तक्ता काढून टाकावा का?

काळाफळा:
जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिलीच्या भिंतीवर दोन कागद लागतात. एकावर दहा-बारा नियम, दुसऱ्यावर मुलांची नावं आणि पुढे चिकटवलेले तारे. माझ्या मते दोन्ही उतरवावेत. नियम वाचता येणारं मूल जूनमध्ये त्या वर्गात क्वचितच असतं. तारे मात्र सगळ्यांना मोजता येतात. ‘तिचे सात, माझा एक’ एवढंच त्या कागदातून पोचतं आणि एक तारावालं मूल पुढे प्रयत्नच सोडतं.

नियम धड्यासारखा शिकवावा लागतो. चार पुरेत, आणि काय करायचं ते सांगणारे हवेत. ‘पळू नका’पेक्षा ‘वर्गात चालायचं’ हे सहा वर्षांच्या मुलाला लवकर कळतं. चपलांचंच घ्या. व्हरांड्यात भिंतीलगत खडूने पावलांच्या जोड्या काढायच्या, जितकी मुलं तितक्या. आधी बाईंनी एक शब्द न बोलता स्वतःची चप्पल काढून, वाकून, टाचा भिंतीकडे करून जोडीवर ठेवायची. मग एका मुलाने. मग बाईंनी मुद्दाम वाकडी ठेवून विचारायचं, ‘आता काय करूया?’ ही दुरुस्ती मुलं फार मन लावून करतात, तिला वेळ द्या. शेवटी पाच-पाच जणांनी सराव. पस्तीस मुलं एकदम दाराशी सोडली की रेटारेटी होणारच, आणि बोल मुलांना लागतो. दहा दिवस रोज, दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा तीन दिवस. यात तारा हवाच कशाला?

चिंचोका:
शिकवण्याची रीत मान्य, तक्त्याची तक्रारही मान्य. पण म्हणून बक्षीसच नको, हे पटत नाही. चार दिवसांत चपला लावण्याचं नवल संपतं आणि सवय अजून मुरलेली नसते. त्या मधल्या दिवसांना टेकू लागतो.

सगळ्या वर्गाची मिळून एक पारदर्शक बरणी ठेवा. ओळ नीट दिसली की त्याच मिनिटाला एक चिंचोका टाका आणि कशासाठी ते बोला. संध्याकाळी आठवून टाकलेल्या चिंचोक्याचा सकाळच्या चपलांशी संबंध मुलाला लागत नाही. पहिली रेघ बुडापासून दोन बोटांवर मारा, म्हणजे दोन-तीन दिवसांत गाठता येते. बक्षीस म्हणजे एक जादा गोष्ट किंवा दहा मिनिटं मैदान. खाऊ नाही, पेन्सिली नाहीत. पुढची रेघ आणखी चार बोटं वर. तिसऱ्या आठवड्यात बरणी कपाटात. टाकलेला चिंचोका कधीही परत काढायचा नाही. एकाच्या चुकीपायी सगळ्यांचे काढले, तर मधल्या सुटीत त्या मुलाची धडगत नसते.

काळाफळा:
१९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवर्गातल्या मुलांवर प्रयोग केला. स्केचपेनने चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना ‘काढलंस तर बिल्ला मिळेल’ असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या निम्म्याच वेळ चित्रांकडे वळली. आमिषाने आवड मरते, ती अशी.

चिंचोका:
तुम्हीच लिहिलंत, ‘आवड असलेल्या’. ती मुलं आपणहून चित्रं काढत होती. चपला ओळीत लावायची अशी कोणती ओढ मुलात आधीपासून असते, जी मरेल? शिवाय त्याच प्रयोगात ज्यांना न सांगता बिल्ला दिला, त्यांची आवड टिकली. ‘शांत बसलात तर चिंचोका’ असं आधी म्हणायचं नाही. झाल्यावर टाकायचा.

ओसरी:
दोघांच्या वादात वेळापत्रक सुटतंय. अर्धी बेशिस्त वाट पाहण्यातून येते. हजेरी, वह्या गोळा करणं, खिचडीची रांग, या वेळात मुलांच्या हाताला काम नसतं, मग ढकलाढकली. हजेरीआधी पाटी-खडू हातात द्या. खिचडीला एकेक ओळ सोडा, उरलेल्यांचं बडबडगीत चालू ठेवा. गप्प करायला ओरडू नका. बाईंच्या दोन टाळ्या, मुलांच्या तीन, मग मनात पाच अंक, आणि शांतता होईपर्यंत सूचना नाही. गोंगाटावर आवाज चढवून सूचना दिली की मुलं शिकतात, पहिली हाक ऐकायची नसते.

आणि मॉनिटरकडून बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून घेणं तर थांबवाच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याइतकाच मानसिक छळही मना आहे. अंगठे धरून उभं करणं कशात मोडतं, ते सांगायला नको. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी काम सुरू केलं, तेव्हा मुलं येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. मूल जमत नाही म्हणजे मांडणी बदला, हा धडा तिथला आहे. म्हणून तक्ता नको, बरणी चालेल, पण आधी वेळापत्रक.

काळाफळा:
न सांगता दिलेल्या बिल्ल्याचा मुद्दा बरोबर आहे. पण पहिली रेघ दाखवली की पुढचं ‘न सांगता’ राहत नाही, मुलं रेघेवर डोळा ठेवतात. कसोटी एकच धरू. बरणी कपाटात गेल्यावर दहाव्या दिवशी, मधल्या सुटीनंतर, कोणी काही न म्हणता व्हरांड्यातली ओळ कशी आहे ते पाहायचं. खडूच्या खुणाही तोवर पुसलेल्या हव्यात.