‘टीझ’ हा शब्द तुम्हाला कुठे कुठे भेटला?

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘टीझ म्हणजे चिडवणे’ असं लिहिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं शब्दकोशातला दुसरा अर्थ वाचून दाखवला : लोकर पिंजणे. “बाई, पिंजण्याचा आणि चिडवण्याचा काय संबंध?” मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की पिंजणं हाच मूळ अर्थ. जुन्या इंग्रजीत हा शब्द धागे ओढून सुटे करण्यासाठी वापरत. माणसाला सतत ओढत, टोकरत राहणं हा अर्थ त्याला कितीतरी शतकांनी, सतराव्या शतकात येऊन चिकटला.

लहानपणी दिवाळीआधी आमच्या गल्लीत पिंजारी यायचा. धनुकलीच्या तातीचा आवाज अर्ध्या गल्लीला ऐकू जायचा. गादीतला कापूस वर्षभरात दगडासारखा घट्ट झालेला असायचा आणि तासाभरात त्याचा ढीग कमरेएवढा व्हायचा. आता मी हा शब्द पिंजाऱ्यापासूनच शिकवायला घेते.

मराठीत याला एक शब्द पुरत नाही, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. थट्टा, मस्करी, फिरकी यांत समोरचाही हसतो. टिंगल, टवाळी, कुचेष्टा यांत तो हसत नाही. खोडी काढणं, डिवचणं आणखी निराळं. छेड काढणं तर या कुणाच्याच पंगतीतलं नाही. इंग्रजीत मात्र यांतल्या बहुतेकांसाठी ‘टीझ’ चालून जातो. तुमच्या कामात, घरात, रस्त्यावर हा शब्द कसा आला ते लिहा.

प्राणिशास्त्राची शिक्षिका, सातारा

“टीझ करा, फाडू नका,” हे मी प्रॅक्टिकलला दिवसातून वीसदा म्हणते. मटणाच्या दुकानातून आणलेला स्नायूचा बारीक तुकडा काचपट्टीवर, सलाइनच्या थेंबात ठेवायचा. दोन हातांत दोन सुया. एकीनं धरायचं, दुसरीनं तंतू लांबीच्या दिशेनं सोडवत न्यायचे. आडवं ओढलं की तंतू तुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसता चेंदा दिसतो. नीट जमलं तर एकेका तंतूवरचे आडवे पट्टे मोजता येतात. पहिल्या दिवशी सगळीच मुलं घाई करतात. ज्याचा हात हलका त्याला हे लवकर येतं, मग लेखी परीक्षेत तो कितवाही असो.

पशुवैद्यक, गडहिंग्लज

माझ्याकडे टीझर म्हणजे रेडा. म्हशीचा माज, म्हणजे ती गाभण राहायला तयार असल्याचा काळ, ओळखणं ही दुधाच्या धंद्यातली अर्धी लढाई. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या जनावरावर चढते. म्हैस पुष्कळदा काहीच दाखवत नाही, त्याला मुका माज म्हणतात. तो हुकला की पुढचे साधारण 21 दिवस थांबायचं, आणि तोवर वैरण-पेंडीचा खर्च चालूच. म्हणून मोठ्या गोठ्यात नसबंदी केलेला रेडा ठेवतात. सकाळ-संध्याकाळ त्याला म्हशींमधून फिरवायचं. तो जिच्यापाशी घुटमळतो, हुंगतो, आणि जी जागची हलत नाही, ती माजावर. सकाळी दिसलं तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

एका तरुण शेतकऱ्याला हे सांगत होतो. तो म्हणाला, “डॉक्टर, टीझर तर पिक्चरचा असतोय न्हवं?” दोन्हींत पुढची उत्सुकता चाळवायची असते, हे त्याला गोठ्यातच उभं राहून समजावलं.

निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर, भोसरी

आमच्या धंद्यात टीझर हा ट्रान्सफॉर्मर आहे. स्कॉट जोडणीत दोन असतात, एक मेन आणि एक टीझर. मेनच्या वाइंडिंगला बरोबर मध्यावर टॅप काढून तिथे टीझरचं एक टोक जोडायचं, आणि टीझरचे 86.6 टक्के वेढे वापरायचे. तीन फेजमधून दोन फेज मिळतात. 86.6 कुठून आला, हे मला डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत विचारलं होतं. समभुज त्रिकोणाची उंची काढून दाखवली, पास झालो.

ब्यूटी पार्लर, डोंबिवली

नवरीच्या केसांना उंची द्यायला आम्ही कंगवा उलटा, टोकाकडून मुळाकडे चालवतो. तेच टीझिंग. सोडवताना मात्र टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर जा, नाहीतर केस तुटतात. लग्नाच्या रात्री दमलेल्या मुली घाई करतात आणि दुसऱ्या दिवशी रडत फोन करतात.

टेक्स्टाइल इंजिनिअर, हडर्सफील्ड

माझं शिक्षण इचलकरंजीचं, त्यामुळे हयात सुती मागांत गेली. लोकरीचं काम इथे यॉर्कशायरमध्ये येऊन पाहिलं. टीझल नावाचं एक काटेरी झाड आहे, त्याच्या वाळलेल्या बोंडाला बारीक वाकडे आकडे असतात. ही बोंडं चौकटीत बसवून फिरत्या रुळावर लावत आणि कापडावरून फिरवून त्याची लव वर काढत. नंतर बहुतेक ठिकाणी पोलादी तारा आल्या. तरी जुने कामगार टीझलचीच बाजू घेतात. वाटेत गाठ आली की टीझलचा आकडा मोडतो, कापड फाटत नाही. तार मोडत नाही, कापड फाडून पुढे जाते.

पुणे

मी 1994 साली अकरावीत होते. सकाळच्या बसमध्ये एक माणूस रोज मागे येऊन उभा राहायचा. वर्गातल्या आम्हा सगळ्या मुलींच्या दप्तरात सेफ्टी पिन असायची, ती कशासाठी हे कुणालाच विचारावं लागायचं नाही. एके दिवशी मी ओरडले. कंडक्टरनं बस थांबवली, आम्ही चौकीत गेलो. तिथे बोलताना सगळे एकच शब्द वापरत होते, ‘ईव्ह टीझिंग’. घरी वडिलांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, “एकानं चिडवलं.”

कित्येक महिने माझ्या अंगाला हात लागत होता, आणि मी वडिलांना “चिडवलं” म्हणून सांगितलं. खोटं बोलायचं नव्हतं. मला दिलेला शब्दच तेवढा होता. चिडवलं तर काय, मनावर घेऊ नकोस, असं ते म्हणाले, आणि त्या शब्दाला तेच उत्तर शोभणारं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी अर्धा तास आधीची बस धरली.

भारतीय दंडविधानात तेव्हाही 354 (विनयभंग) आणि 509 (स्त्रीला लाजवणारे शब्द-हावभाव) ही कलमं होती, ‘टीझिंग’ त्यांत कुठेच नव्हतं. 2013 मध्ये 354-अ आलं आणि लैंगिक छळ हे नाव मिळालं, पाठलागाला 354-ड मिळालं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ती 75 आणि 78 आहेत. माझी मुलगी आता त्याच वयाची आहे. तिला मी मराठीतली नावं शिकवली आहेत : हात लावला, पाठलाग केला, घाण बोलला. जे घडलं तेच म्हणायचं.

नाशिक

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. कॉलेजच्या कट्ट्यावर मी कुणाला काही बोललो नाही, पण बोलणाऱ्यांच्या शेजारी उभा राहून हसलो आहे. आम्ही त्याला ‘लाइन मारणं’, ‘मस्ती’ म्हणायचो. एक मुलगी रोज रस्ता बदलून लांबून जायची. ती का जाते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

धागा सुरू करणारी

काल आठवीला पुन्हा हा शब्द घेतला. पिंजारी सांगितला, सुया सांगितल्या, टीझलचं बोंडही काढून दाखवलं. ‘ईव्ह टीझिंग’ हा शब्द पाठ्यपुस्तकात नाही, पण मुलींना ऐकून माहीत असतोच. तो फळ्यावर लिहून खोडला आणि शेजारी ‘लैंगिक छळ, कलम 75’ लिहिलं. मुली वहीत उतरवून घेत होत्या. एका मुलानं विचारलं, “बाई, हे आम्ही पण लिहायचं?” लिही म्हटलं.