इंटर्नशिप: माहुलची रिफायनरी की मनमाडचा डेपो?

गोदाकाठ_मेक
नमस्कार, मी नाशिकला टीई (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) मेकॅनिकलला आहे. पेपर झाले की जून-जुलैत इंटर्नशिप करायचीय आणि ऑइल अँड गॅसमध्येच करायची हे पक्कं ठरलंय. कॉलेजच्या लेटरवर दोन ठिकाणी जमेल असं दिसतंय, एक म्हणजे मुंबईत माहुलला रिफायनरीत मेंटेनन्सला (राहायला चेंबूरला मावशी आहे) आणि दुसरं मनमाडजवळ पानेवाडीचा पेट्रोल-डिझेल साठवायचा डेपो, तिथे घरून अप-डाऊन होईल. वर्गातले सगळे म्हणतात डेपोत काय ठेवलंय, टँकर येतात, भरतात नि जातात, रेझ्युमेवर रिफायनरीच पाहिजे. घरचे म्हणतात पावसाळ्यात मुंबई नको. मला पुढे पंप आणि पायपिंगकडे जायचंय, खरंच काहीतरी शिकायचंय, नुसतं सर्टिफिकेट नकोय. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

पाइपलाइन_काका
डेपोत काही नसतं असं म्हणणाऱ्यांनी डेपो बाहेरूनच बघितलेला असतो. अरे, तुला पंप-पायपिंग करायचंय ना, मग माहुलहून निघालेली पाइपलाइन सह्याद्री चढून मनमाडला येते आणि तिथून इंदूरजवळ मांगल्या करत दिल्लीकडे बिजवासनपर्यंत जाते, ती तुझ्या घरापासून तासाभरावर आहे. एक गणित आजच कर. माहुल समुद्राकाठी, मनमाड साधारण ५८० मीटरवर, डिझेलची डेन्सिटी (घनता) ८३० किलो प्रति घनमीटर धर. रो-जी-एच (म्हणजे डेन्सिटी गुणिले गुरुत्व गुणिले उंची) केलं तर नुसत्या उंचीसाठीच ४७ बार दाब लागतो, पाइपमधलं घर्षण त्यात धरलेलंच नाही. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्स घोकलं असशील, इथे ते जमिनीखालून वाहतंय.

आणि त्याच एका पाइपमधून पेट्रोल, डिझेल एकामागोमाग एक येतं, मध्ये पडदा-बिडदा काही नसतो. फ्लो टर्ब्युलंट (जोरात घुसळत वाहणारा) ठेवला की मिसळण कमी होतं, पण थोडा पट्टा मिसळतोच, त्याला इंटरफेस म्हणतात, तो येतोय हे डेन्सिटी बदलते त्यावरून कळतं आणि बरोब्बर वेळेला टाकी बदलावी लागते. डिझेलमध्ये थोडंसं पेट्रोल गेलं तरी फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) खाली येतो, म्हणजे ही चूक चालतच नाही. कंट्रोल रूममध्ये एक इंटरफेस पूर्ण येताना बघायला मिळाला तर तेवढ्यावर चांगला रिपोर्ट होईल.

टँकर भरण्यालाही कमी समजू नको. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.१२ टक्के फुगतं. २० हजार लिटरच्या गाडीत १० अंशांचा फरक पडला तर २४० लिटर इकडचे तिकडे. म्हणून तर डिप (काठीने तेलाची पातळी मोजणं), थर्मामीटर, हायड्रोमीटर (डेन्सिटी मोजायला) आणि हिशोबाने १५ अंशांवर आणलेली डेन्सिटी हे सगळं असतं. ते स्वतःच्या हाताने कर, करू देतील का ते पहिल्याच दिवशी विचार.

सीलवाली_ताई
काकांचं पटतंय पण रिफायनरी अशी सोडून देऊ नको. मी नाशिकचीच, माझी इंटर्नशिप रिफायनरीत रोटेटिंगला (पंपांसारख्या फिरत्या यंत्रांच्या कामाला) झाली आणि आज त्याच कामात आहे. क्रूडच्या (कच्च्या तेलाच्या) युनिटला भट्टीतून ३५०-३७० अंशांना तेल बाहेर पडतं, खाली कॉलमच्या (तेल वेगळं करणाऱ्या उंच टॉवरच्या) तळाशी जो पंप असतो त्याचं सील (फिरत्या शाफ्टजवळून तेल गळू न देणारा भाग) कसं टिकत असेल हा प्रश्न मला तिथे उभं राहिल्यावर पडला, वर्गात कधीच पडला नव्हता. फक्त प्लांट इतका मोठा आहे की सगळं बघायला गेलास तर काहीच हाती लागत नाही आणि शेवटी सगळे जण तोच प्रोसेस फ्लो छापून देतात. तू एक पंप माग. त्याची हिस्ट्री, व्हायब्रेशनचे आकडे, सील किती वेळा बदललं, का बदललं, अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणणं) कोणी कशी केली, पी अँड आयडीवर (पायपिंग आणि उपकरणांच्या नकाशावर) तो कुठे आहे, सक्शन लाइन (पंपात तेल आणणारा पाइप) कुठून येते. आणि फिटरशी बोल, साहेबांइतकंच त्यांच्याकडूनही शिकायला मिळतं, त्यांना नीट विचारलं की ते खूप मनापासून सांगतात.

सेफ्टी इंडक्शनला झोपू नको हे मात्र कळकळीने सांगते. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं, म्हणजे वास गेला म्हणून गॅस गेला असं नाही. डिटेक्टर लावल्याशिवाय कुणी बोलावलं तरी पुढे जायचं नाही.

सातपूर_फिटर
कुठेही गेलास तरी कागद आत्ताच तयार ठेव, कॉलेजचं लेटर, आधार, फोटो, इन्शुरन्स, कुठे कुठे पोलिस व्हेरिफिकेशन पण मागतात, त्यात वेळ जातो. सेफ्टी शूज स्वतःचे घे आणि आठवडाभर आधीपासून घाल नाहीतर पाय सोलतील. कपडे सुती, फुल बाह्यांचे. मोबाइल गेटवरच जमा होतो म्हणून खिशात छोटी वही पाहिजे.

गोदाकाठ_मेक
काका, ताई, दादा, खूप खूप आभार. गणित केलं, ४७ च आलं, पेट्रोल ७४५ धरून केलं तर ४२ येतं, म्हणजे लाइनमध्ये घाटात पेट्रोल आहे की डिझेल त्यावर पंपाचा डिस्चार्ज प्रेशर (बाहेर पडतानाचा दाब) बदलत राहणार ना? हे कुणी शिकवलंच नव्हतं. पानेवाडीचं लेटर उद्या कॉलेजात मागतो. ताई, रिफायनरीचं फायनल इयरला हिवाळ्याच्या सुट्टीत जमेल का?

पाइपलाइन_काका
हो, बदलतो. आणि चढावर दोन्ही असतील तेव्हा कुठल्याची लांबी किती त्यावर ठरतं. आता हाच प्रश्न घेऊन जा, पहिल्या दिवशी ऑपरेशन्सच्या साहेबांना विचार.

सीलवाली_ताई
हिवाळ्यात दिवस कमी मिळतात, पण एका पंपापुरते पुरतात. अर्ज ऑक्टोबरमध्येच टाक.